शेजारचा पाट

शिरूरच्या बिबीजानला कधी कुणाच्या हाताचं माप विचारावं लागलं नाही. समोरची बाई पाटावर टेकली, पदर सावरून तिनं हात पुढं केला, की बिबीजान तो हात आपल्या हातात घ्यायची, एकदाच हलका दाबायची आणि पेटीतून नेमकी बांगडी काढायची. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही मापं दुकानातल्या खोक्यांवर छापलेली असतात. बिबीजानच्या ती अंगठ्यात होती. बाळंतिणीचा सुजरा हात, खुरपून खुरपून राठ झालेला हात, पहिल्यांदाच बांगड्या भरणाऱ्या पोरीचा घामेजलेला हात, सगळे तिच्या ओळखीचे. "तोंड खोटं बोलंल गं," ती म्हणायची, "हात न्हाई बोलत."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूनं तिला सोन्यानाण्याऐवजी भीमेकाठची सात गावं दिली. ही सात गावं आपली, इथल्या लेकीसुनांच्या हातात आपल्याच घरानं बांगड्या भरायच्या, असा तो रिवाज. सासूच्या सासूनं ही गावं डोक्यावर पेटी घेऊन पायी केली. सासूनं बैलगाडीत बसून केली. बिबीजाननं नवऱ्याच्या, बाबूलालच्या, सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून केली, आणि पुढं बाबूलालनं स्टँडजवळ शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकल्यावर एसटीनं. कंडक्टर बदलले, बिबीजानची खिडकीजवळची जागा बदलली नाही. शुक्रवारी नमाज झाला की ती निघायची, आणि ज्या घरी जायची तिथं देव्हाऱ्यापुढं आधी पाच बांगड्या ठेवायची. देवीच्या पहिल्या, मग घरातल्या बायांच्या. तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. सासू ठेवायची, म्हणून ती ठेवायची. देणारा वर एकच बसलाय, मग त्याचं नाव कुणी काही घेवो, असा तिचा साधा हिशेब होता.

तर अशा या बिबीजानचा हात मार्गशीर्षातल्या एका सकाळी मोडला.

झालं काही मोठं नाही. मोरीत शेवाळ धरलं होतं. आज घासू, उद्या घासू करत ते राहिलं होतं. बादली उचलताना पाय सरकला, आणि पडताना माणूस हात टेकवतोच, तसा तिनं उजवा हात टेकवला. मनगटातून कट्कन आवाज आला. दवाखान्यात प्लास्टर घालण्याआधी नर्सनं तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून कात्रीच्या दांड्यानं फोडल्या, तेव्हा हाडाच्या दुखण्यानं न रडलेली बिबीजान रडली.

सहा आठवडे हात गळ्यात. घरात दोघंच. पीठ मळायला बाबूलाल बसला. ज्या हातांनी त्यानं जन्मभर मशीनच्या सुया आणि शटल बसवले, त्या हातांना चपाती काही गोल जमेना.

"अवो, ही चपाती हाय का दौंड तालुक्याचा नकाशा?" बिबीजान विचारायची.

"गप खा. पोटात गेल्यावर शिरूर काय आन् दौंड काय."

प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण अंगठा ऐकेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो दाबा म्हणाले, पीठ मळा म्हणाले. बोटं हळूहळू वळायला लागली, पेला धरता यायला लागला, बांगडी उचलता यायला लागली. पण दाब? दाब येईना. आणि बांगड्या भरण्यात सगळा खेळ दाबाचाच असतो. समोरच्या बाईच्या अंगठ्याच्या बुडाशी एक हाड असतं. ते आतल्या बाजूला मुडपून पंजा निमुळता केला की बांगडी वर सरकते. दाब कमी पडला तर बांगडी त्या हाडावर अडते. दाब नसताना नुसती ढकलली, तर तडकते.

तिनं शेजारणीवर करून बघितलं. शेजारणीचा डावा हात नीट भरला गेला, कारण समोरासमोर बसलं की समोरचीच्या डाव्या हाताचा अंगठा बिबीजानच्या धडक्या डाव्या हाताशी येतो. उजव्या हाताचा मात्र तिच्या दुखऱ्या हाताकडे. तिथं गाडी अडली. शेजारीण बिचारी "ऱ्हाऊ द्या मावशी, एकाच हातात फॅशन हाय आजकाल" म्हणून हसत उठून गेली. बिबीजानला हसू आलं नाही.

त्या शुक्रवारी तिनं स्वतःचा उजवा हात समोर धरला. किती दिवस नागडा होता तो. पेटी उघडून तिनं सहा हिरव्या बांगड्या काढल्या आणि एकटीच दारात बसून भरायला लागली. डाव्या हातानं उजवा पंजा दाबायचा, गुडघ्यावर टेकवायचा, आणि त्याच डाव्या हाताच्या बोटांनी बांगडी कशीबशी आपल्याकडे ओढायची. अर्धा तास लागला. सहावी बांगडी मनगटावर आली तेव्हा तिनं हात हलवून किणकिण ऐकली आणि स्वतःशीच म्हणाली, आपला हात आपल्याला भरता येतो गं बाई. पण आपला तो आपला. दुखलं तरी सांगायचं कुणाला? लोकाच्या लेकीला दुखवून कसं चालेल?

आणि नेमका तेव्हाच वडगाव रासाईहून कुशाबाईचा फोन आला.

कुशाबाईचं घर म्हणजे बिबीजानच्या सात गावांतलं पहिलं घर. एके काळी ही माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, पावसाच्या तोंडाला माघारी यायची. आता मेंढरं गेली. ऊस आहे, कांदा आहे, स्लॅबचं घर आहे, दारात ट्रॅक्टर आहे. पण देव्हाऱ्याशेजारी खुंटीवर लोकर कातरायची कातर अजून टांगलेली, आणि दसऱ्याला तिला हळद-भंडारा लागतो. कुशाबाईच्या चार लेकी, तीन सुना, सगळ्यांचे चुडे बिबीजाननं भरलेले. नात पूनम बारा दिवसांची होती तेव्हा तिच्या अंगठ्याएवढ्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी बिबीजाननंच बांधली होती. त्या पूनमचं आता फाल्गुनात लग्न होतं.

"गुरुवारी चुडा हाय पूनमचा," कुशाबाई फोनवर ओरडून बोलत होती. शिरूरपर्यंत आवाज तारेनं नव्हे तर वाऱ्यानं जातो, असा तिचा समज. "दुपारच्या गाडीनं ये."

"आक्का, माझा हात मोडला हुता. अजून जोर न्हाई. दुसरी कुणी..."

"हात मोडला, त्वांड तर शाबूत हाय न्हवं? ये. आपल्या घरात दुसरी कुणी कवा आली न्हाई, आन् आता येणार न्हाई."

फोन ठेवून बिबीजाननं पेटी जवळ ओढली. मग बाबूलालला म्हणाली, "पूनमचा चुडा एकबी न वाढता भरला, तर मी फिरती चालू ठेवते. न्हाईतर मग पेटी तुमच्या दुकानात न्या, सुयाबॉबिन ठेवायला."

बांगडी फुटली असं सवाष्णीच्या घरात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि नवरीच्या चुड्यातली वाढणं तर कुणालाच सोसत नाही. बाबूलालला हे ठाऊक होतं. त्यानं थट्टा केली नाही. "बघू," एवढंच म्हणाला, आणि गुरुवारी स्वतः पेटी उचलून तिला गाडीत बसवून आला.

वडगावात मांडव पडला होता. ओसरीवर कुशाबाईचे मालक, ज्योतिबा आबा, पाहुण्यांना पाणी-चहा विचारत बसले होते. आतल्या खोलीत बायांची ही गर्दी. पूनम दाराकडे तोंड करून पाटावर बसली होती, तिच्यासमोर दुसरा पाट बिबीजानसाठी. देवीच्या पाच बांगड्या देव्हाऱ्यापुढं ठेवून बिबीजान पाटावर टेकली.

पूनमच्या शेजारी तिची आत्या बसली होती, ताईबाई. दौंडला दिलेली, नवरा रेल्वेत. तिच्या दोन्ही हातांत सोनेरी मुलाम्याच्या जाड पाटल्या होत्या आणि काचेची एकही बांगडी नव्हती.

"बिबीमावशी, हात बरा हाय का आता?" ताईबाईनं विचारलं. विचारण्यात काळजी कमी आणि खोच जास्त. "मी म्हनलं हुतं आईला, दौंडात मेटलचा तयार सेट मिळतो. नवरीच्या मापाचा. दाबायला नको, मोडायला नको."

"मेटलचा आवाज येतो का गं किणकिण?" कुशाबाईनं फटकारलं. "डब्यात खिळं हालवल्यावानी वाजतंय ते. भर गं बिबी तू."

बिबीजाननं पूनमचा डावा हात घेतला. घेतल्या घेतल्या हात तिच्याशी बोलला. पूनम गेली दोन वर्षं कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती आणि कंपनीत लाईनवर काम करत होती. हात लहान, पण बोटांची पेरं फुगलेली, अंगठ्याचं हाड पुढं आलेलं. दिसायला दोन-चारचा हात, पण हाडापाशी दोन-सहाचा. मोठं माप घ्यावं तर मनगटावर ढिला चुडा लोंबणार, आणि नवरीचा ढिला चुडा बघून मांडवातल्या बाया काय म्हणतात ते बिबीजानला पाठ होतं. तिनं दोन-चारच काढली.

डावा हात भरला. दहाच्या दहा हिरव्या बांगड्या, एकामागं एक, पूनमनं एकदाही 'आई गं' केलं नाही. बाया खुलल्या. कुणी म्हणालं नाव घे, कुणी म्हणालं आधी नवऱ्याचा फोटो तरी दाखव. पूनम म्हणाली, "उजवा भरू द्या, मग घेते. अर्ध्या हातानं अर्धंच नाव येईल."

उजवा हात पुढं आला. यात रिवाजानं एक जास्त, अकरा भरायच्या होत्या.

पहिली कशीबशी चढली. दुसरी हाडावर अडली. बिबीजाननं अंगठ्याला जोर लावला, तसा तिच्याच मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. तिनं ओठ आवळून ढकलली, चढली. पूनमचे डोळे पाणावले.

"साबण लावा की जरा," कुणीतरी म्हणालं.

"साबण कशाला, प्लास्टिकची पिशवी घाला हाताला. मोबाईलवर दावत्यात. सुर्र करून जाती," ताईबाई म्हणाली.

चाळीस वर्षांत बिबीजाननं साबण वापरला नव्हता. साबणानं चढवलेली बांगडी भरलेली नसते, घसरलेली असते, असं सासू म्हणायची. तिनं तिसरी घेतली. दाबली. ढकलली.

टक्.

हिरवे दोन तुकडे पाटावर पडले. खोलीतली कुजबुज, हसू, सगळं एकदम थांबलं. बाहेर आबांच्या हातातला कप बशीवर टेकल्याचा आवाजसुद्धा आत आला.

"वाढली," कुशाबाई ताडकन म्हणाली. "वाढली तर वाढली. दुसरी घे."

पण शब्द बदलून बायांचे चेहरे बदलत नाहीत. ताईबाईनं पदर तोंडाला लावला. पूनमची आई साधना तुकडे गोळा करायला वाकली ती मान वर करीना. बिबीजानला वाटलं, झालं. पेटी मिटावी, आक्काच्या पाया पडावं आणि पाचच्या गाडीनं जावं. सात गावं सासूनं दिली, सातांवर आपण पाणी सोडलं. तिनं दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या पेटीत ठेवायला घेतल्यासुद्धा.

तेवढ्यात तिला पूनमच्या मनगटावर लाल ठिपका दिसला.

काच घुसली की काय! बाकी सगळं ती विसरली. तिनं पूनमचा हात धरून डोळ्यांजवळ नेला, पण दार तिच्या पाठीमागं होतं. तिचीच सावली त्या हातावर पडत होती, काही दिसेना. म्हणून ती उठली, पाटाला वळसा घातला आणि पूनमच्या उजव्या बाजूला, तिला खेटून, दाराकडे तोंड करून फरशीवर बसली. पूनमचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. दारातून आलेलं ऊन थेट हातावर पडलं. कण नव्हता, नुसता ओरखडा होता. तिनं पदरानं टिपला.

आणि हात मांडीवर तसाच धरून ती थबकली.

पूनमचा उजवा हात तिच्या मांडीवर नेमका तसा पडला होता, जसा त्या शुक्रवारी तिचा स्वतःचा हात तिच्या गुडघ्यावर पडला होता. बोटं पुढं, मनगट आपल्याकडे. तिचा डावा, धडका अंगठा न सांगता, न शोधता, पूनमच्या अंगठ्याच्या हाडावर जाऊन बसला होता.

तिनं मान वर केली. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला नवरीच्या पाटावरून खोली दिसली. एवढे दिवस तिनं फक्त हात बघितला होता, फार तर तोंड. नवरी काय बघत असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. नवरी बघत असते डोळे. वीस-पंचवीस बायांचे डोळे, आता काय होतंय, आता काय होतंय करत आपल्याच मनगटावर खिळलेले. अगं बाई, एवढं सगळं समोर असल्यावर कुठल्या पोरीचा हात सैल राहील? चाळीस वर्षं आपण 'हात सैल सोड, हात सैल सोड' म्हणत आलो आणि स्वतः समोर पंचविसावी होऊन बसलो.

"साधना, त्यो दुसरा पाट हिकडं सरकव," ती म्हणाली. "हितं. शेजारी."

साधनानं पाट सरकवला. बिबीजान त्यावर नीट बसली, पूनमच्या खांद्याला खांदा लावून. पेटीतून बांगडी काढली. पूनमच्या कानाशी हळूच म्हणाली, "माझ्याकडं बगू नको. त्यांच्याकडंबी नको. त्या दारातल्या शेळीकडं बग. मघाधरनं ती मांडवाचा डहाळा खाती, आन् कुणाचं ध्यान न्हाई."

पूनमला खुदकन हसू आलं. हात सैल पडला. बिबीजाननं डाव्या हातानं पंजा मुडपला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या आकड्यानं बांगडी ओढली. ढकलली नाही, ओढली. आपल्याकडे. ओढायला अंगठ्याचा जोर लागतच नाही. बांगडी हाडावर क्षणभर टेकली आणि पलीकडे आली.

"दुखलं?"

"न्हाई."

चौथी आली. पाचवी आली. बाया पुन्हा आपापसांत बोलायला लागल्या, आणि त्या आवाजाच्या आडोशानं पूनम अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, एक विचारू?"

समोर बसल्यावर असं कुणी विचारत नाही. खांद्याला खांदा असला की आतलं बोलणं बाहेर येतं, जसं जात्यावर दोघी बसल्या की यायचं.

"पंधरा दिवसांनी ड्युटीवर जायाचंय. लाईनवर बांगड्या चालत न्हाईत, सेफ्टीवाले गेटवरच काढायला लावत्यात. गेल्या साली एका पोरीनं लग्नाचा चुडा गेटवर फोडला, आन् दिवसभर डोळं पुसत काम केलं. मला न्हाई फोडायच्या. घरात सांगितलं तर म्हनतील, नोकरी सोड. मला नोकरीबी न्हाई सोडायची."

बिबीजाननं सहावी बांगडी ओढली. सातवी ओढली. तिच्या घराण्यात गिऱ्हाइकाला बांगडी चढवायला शिकवत नाहीत, मग उतरवायला कोण शिकवणार? बाई स्वतःच उतरवायला-चढवायला शिकली तर दारात कोण बोलावील? पण आजचा दिवसच काही वेगळा उगवला होता. आठवी, नववी, दहावी झाली. अकरावी तिनं मनगटावर आणली आणि थांबली.

"पूनम, आता ही तू काढ."

"काय?"

"काढ. जशी आली तशीच जाती. डाव्या हातानं हाड मुडप. हां. आता बोटाचा आकडा कर आन् उलटी फिरवत ने. हळू. तुझाच हात हाय, भिती कशाची?"

खोलीतल्या बायांनी बघितलं ते एवढंच, की भरल्या चुड्यातली बांगडी नवरी काढते आहे.

"अगं अगं, काढती काय!" ताईबाई किंचाळली. "एक वाढली ती कमी झाली का? आई, बग की ही!"

बांगडी पूनमच्या हातातून अखंड निघाली. तिनं ती धरून ठेवली, मग मान वर करून सगळ्यांसमोर बोलली. कंपनीचा नियम सांगितला, गेटवरच्या पोरीचं सांगितलं. "आज्जे, मी कामावर जाताना काढीन आन् आल्यावर घालीन. फोडणार न्हाई. पर काढीन."

साधनानं सासूकडे बघितलं. ताईबाई म्हणाली, "आन् सवाष्णीचा हात दिवसभर मोकळा? सासरची काय म्हनतील?"

कुशाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं खुंटीवरच्या कातरीकडे एकदा बघितलं.

"ताई, तू मेंढरातच वाढलीस न्हवं? वर्सातनं दोन टायमाला तुझा बाप मेंढरं कातरायचा. कातरलेली मेंढी उघडी दिसायची, थरथरायची. म्हून ती मेंढी न्हवती का? आन् लोकर माघारी आली न्हाई असं कवा झालं का?"

"आई, मेंढीची गोष्ट येगळी..."

"येगळी कशानं? पोटासाठीच कातरायचो, ही पोटासाठीच काढती. तिच्या सासूला मी सांगते. कवठ्याची हाय ती, तिच्या घरीबी मेंढरंच हुती. तिला समजंल." मग पूनमकडे वळून, "घाल गं ती परत. बगू दे मला, तुला येतंय का."

पूनमनं बांगडी बोटांत घातली, हाड मुडपलं, ओढली. हाडावर अडली. तिनं दात चावले. बिबीजाननं हात पुढं केला नाही; फक्त म्हणाली, "शेळी." पूनम हसली, आणि बांगडी आत आली. अकरा पुऱ्या झाल्या.

ओसरीवरून ज्योतिबा आबांचा आवाज आला, "झालं का गं काय? का अजून मेंढराचीच गोष्ट चाललीया?"

"झालं!" कुशाबाई ओरडली. "आन् ती शेळी हाकला आधी, मांडव खाल्ला तिनं!"

पूनमनं रिवाजाप्रमाणे बिबीजानला वाकून नमस्कार केला. साधनानं सुपात गहू, गूळ, नारळ आणि खण घालून शिधा दिला. बिबीजान पेटी आवरायला लागली, तर समोर एक हात आला. सोनेरी पाटल्या काढून ठेवलेला, जरा जाडसर, दोन-आठचा.

"माझ्याबी भरा," ताईबाई म्हणाली. नजर मात्र दुसरीकडे. "चार-चारच. आन् समोर नका बसू. हितं शेजारी बसा."

बिबीजान परत आली ती शेवटच्या गाडीनं. बाबूलाल स्टँडवर उभा होता. त्यानं पेटी घेतली आणि तिच्याकडे बघितलं.

"एक वाढली," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "मग? दुकानात नेऊ का?"

"कशाला? दुकानात तुमच्या सुया मावत न्हाईत, माझी पेटी कुठं मावंल?" आणि चालता चालता तिनं सगळं सांगितलं.

चैत्र लागला. पूनम कामावर रुजू झाली. ती सकाळी गेटच्या आत शिरण्याआधी बांगड्या उतरवते आणि जेवणाच्या डब्याच्या सगळ्यात वरच्या, चटणीच्या रिकाम्या पुडात ठेवते. संध्याकाळी बसथांब्यावर बसून घालते. पहिल्या आठवड्यात दोन वाढल्या, मग नाही. थांब्यावरच्या पोरींनी बघितलं आणि विचारलं. त्यातून मग बिबीजानचा रविवार कारेगावात जायला लागला. पूनमच्या जुन्या खोलीवर सुट्टीच्या दिवशी पोरी जमतात. कुणी नांदेडची, कुणी लातूरची, दोघी बिहारच्या. "मौसी, सुबह उतारना है, टूटेगा तो नहीं?" त्या विचारतात, आणि बिबीजान शिरूरच्या हिंदीत सांगते, "टूटेगा कैसा? तेरा हात है, तू दुश्मन है क्या उसकी?" प्रत्येकीच्या शेजारी पाट टाकून बसते. सात गावांत हे आठवं तिनं स्वतः जोडलं. सासूनं दिलेलं नव्हे.

अंगठ्यात जोर काही पुरता आला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढाच येईल आता. बिबीजान म्हणाली, असू द्या, साहेब. देवानं तेवढाच ठेवला असंल तर तेवढ्याचंबी काही काम असंल त्याच्याकडं.

परवा दुपारी जेवताना तिनं बाबूलालला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन त्याच्या समोर बसायच्या ऐवजी शेजारी येऊन बसली. तो सरकला. "काय गं, हिकडं कुठं?"

"हात द्या."

"जेवतोय मी."

"डावा द्या."

त्यानं दिला. मशीनच्या तेलानं रेषारेषांत काळा झालेला, करंगळीच्या नखाखाली जुना डाग असलेला हात. बिबीजाननं तो मांडीवर घेतला आणि एकदाच हलका दाबला.

"दोन-बारा," ती म्हणाली. "येवढी चाळीस वर्सं झाली, साऱ्या शिरूर तालुक्याचं माप मला ठावं. तुमचंच तेवढं न्हवतं."

"माझ्या मापाची बांगडी हाय का पेटीत?"

"न्हाई. तेवढी मोठी कुणी करत न्हाई."

"मग सोड. भाजी निवाया लागली," बाबूलाल म्हणाला. पण हात काही त्यानं काढून घेतला नाही.